‘जोडलेलं आहे’ या शब्दावर विश्वास किती ठेवायचा? नेटवर्कमॅनेजरचं एक परीक्षण

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की वय झालं, आता हे तत्त्वज्ञान सोडून कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. तसं नाही. परीक्षण ग्रंथाचं करतात, नाटकाचं करतात. मग ज्या कृतीशी आपला रोज संबंध येतो, जी आपल्याशी बोलते, आपल्या वतीने निर्णय घेते, तिचं परीक्षण का करू नये? लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरात तारेचं आणि वायफायचं नेटवर्क सांभाळणारा एक प्रोग्राम असतो. त्याचं नाव नेटवर्कमॅनेजर. आज आम्ही त्याच्याकडे कृती म्हणून बघणार आहोत. तिच्यात विचार काय आहे, तो कुठे पक्का आहे आणि कुठे तिची भाषा आपल्याला फसवते, एवढंच.

एक व्यावहारिक सूचना आधी. आम्ही आज्ञा उच्चारून दाखवू, आणि या मालिकेच्या पद्धतीप्रमाणे त्या देवनागरीतच उतरतील. तुम्ही टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.

सुरुवात एका चुकीपासून करतो. चूक आमचीच आहे.

आम्ही ज्या अभ्यासिकेत सकाळी बसतो तिथं एक सार्वजनिक कॉम्प्युटर आहे, लिनक्सवर चालणारा. त्याला एक केबल लावलेली आहे, आणि शेजारच्या सभागृहातलं वायफायही त्यात नोंदवलेलं आहे. एका परीक्षेच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. एक मुलगी अर्ज भरायला बसली, पण पान उघडेना. तिनं आम्हाला विचारलं, ‘‘सर, नेट गेलंय का?’’ आम्ही चष्मा वर करून कोपऱ्यातलं चिन्ह बघितलं. जोडलेलं होतं. आम्ही म्हणालो, ‘‘नेट आहे की. शेवटचा दिवस आहे, वेबसाइटच तुंबली असणार. थांब जरा.’’ ती थांबली. दीड तास थांबली. मग कुणीतरी स्वतःच्या मोबाइलवर तेच पान उघडून बघितलं, तर ते सहज उघडलं. त्या मोबाइलवरून अर्ज गेला, मुदत संपायला फार वेळ उरलेला नसताना. ती आम्हाला काही बोलली नाही. ‘‘चालतं सर’’ म्हणाली आणि गेली.

ती दीड तास आमच्या शब्दावर थांबली. आम्ही कॉम्प्युटरच्या शब्दावर बोललो. आणि कॉम्प्युटर खोटं बोलला नव्हता. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. ते कसं, तेच आज सांगायचं आहे.

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याला ती वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. या दोन अटी आहेत. प्रोग्रामच्या बाबतीत दुसरी अट आपण धरून चालतो, त्याला फसवायचं कारण नाही. पण पहिली? त्याला नेमकं काय ठाऊक आहे? हा प्रश्न त्या दिवशी आम्ही विचारला नाही. पन्नास वर्षं वर्गात हेच शिकवलं आणि ऐन वेळी विचारलं नाही.

आता कृतीकडे वळू.

आधी कसं होतं ते बघा. डेबियनच्या घराण्यात ‘इंटरफेसेस’ नावाची एक साधी मजकुराची फाईल असे. रेड हॅटच्या घराण्यात प्रत्येक नेटवर्क कार्डासाठी ‘आयएफसीएफजी’ने सुरू होणारी वेगळी फाईल असे. त्यात आपण पत्ता लिहायचा, ‘आयएफअप’ म्हटलं की जोडणी सुरू, ‘आयएफडाउन’ म्हटलं की बंद. वायफाय असेल तर त्याच्या पासवर्डसाठी आणखी एक फाईल. या व्यवस्थेत एक गृहीतक होतं, की कॉम्प्युटर जागचा हलत नाही. टेबलावर ठेवला, तार लावली, पत्ता दिला, संपलं.

लॅपटॉप आला आणि हे गृहीतक मोडलं. सकाळी घरचं वायफाय, दुपारी कॉलेजातली केबल, संध्याकाळी स्टेशनवर काहीच नाही. दर वेळी फाईल कोण बदलणार? म्हणून 2004 साली रेड हॅट कंपनीने नेटवर्कमॅनेजरचं काम सुरू केलं. सुरुवातीच्या आवृत्त्या अगदीच कच्च्या होत्या. माणूस लॉगिन करेपर्यंत वायफाय जोडलंच जात नसे, कारण जोडण्या त्या माणसाच्या मालकीच्या असत, यंत्राच्या नव्हे. साऱ्या यंत्राच्या मालकीच्या जोडण्या 0.7 या आवृत्तीत आल्या. 1.0 आवृत्ती 2014च्या डिसेंबरात आली, म्हणजे दहा वर्षांनी. आज फेडोरा, रेड हॅट, उबुंटूचा डेस्कटॉप, सगळीकडे हाच आहे. 2023मध्ये रास्पबेरी पायनेही हाच स्वीकारला. तेव्हा कुणी म्हणेल की हे एका कंपनीचं खेळणं आहे, तर ते आता खरं नाही.

या कृतीतला मूळ विचार कोणता? आमच्या मते एकच आहे आणि तो फार चांगला आहे. जुन्या पद्धतीत कार्ड आणि त्याची मांडणी यांची गाठ पक्की होती. या कार्डाला हा पत्ता. नेटवर्कमॅनेजरने ती गाठ सोडवली. त्याच्याकडे दोन वेगळे पदार्थ आहेत. एक ‘डिव्हाइस’, म्हणजे कार्ड, जे लोखंड-तांब्याचं आहे. दुसरा ‘कनेक्शन’, म्हणजे नुसतं वर्णन: कोणत्या नावाचं वायफाय, पासवर्ड काय, पत्ता आपोआप घ्यायचा की हातानं द्यायचा. आणि हे वर्णन त्या कार्डावर चालू झालं की तिसरी गोष्ट होते, ‘अ‍ॅक्टिव्ह कनेक्शन’.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. संहिता, नट आणि प्रयोग. संहिता कपाटात पडून असते. नट घरी असतो. दोघं रंगमंचावर एकत्र आले की प्रयोग. एक नट पन्नास संहिता पाठ करून ठेवू शकतो, पण एका वेळी एकाच प्रयोगात उभा राहतो. अगदी तसंच, एका कार्डासाठी पन्नास कनेक्शन नोंदवलेली असतील, पण एका वेळी त्यातलं एकच चालू. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ म्हटलं की नटांची यादी येते. ‘एनएमसीएलआय कनेक्शन’ म्हटलं की संहितांची यादी येते. त्यात ज्यांचा प्रयोग चालू आहे त्यांच्यापुढे कार्डाचं नाव असतं, बाकीच्यांपुढे नुसती आडवी रेघ.

हा भेद ज्याला कळला त्याचा निम्मा गोंधळ संपतो. उदाहरण देतो. लोक तक्रार करतात की आम्ही ‘कनेक्शन मॉडिफाय’ करून पत्ता बदलला, यादीत नवा पत्ता दिसतो, पण कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर आहे. साहजिक आहे. तुम्ही संहिता बदलली. चालू प्रयोग जुन्याच संवादांवर चाललाय. नवी संहिता हवी तर ‘कनेक्शन अप’ म्हणून प्रयोग पुन्हा लावा, किंवा ‘डिव्हाइस रीअप्लाय’ म्हणा. हा दोष नाही. ही शिस्त आहे. अर्धवट बदललेली मांडणी आपोआप अमलात यावी असं कुणाला वाटेल?

दूरच्या सर्व्हरवर तर हे फारच महत्त्वाचं. ज्या जोडणीवरून तुम्ही त्या सर्व्हरशी बोलताय तीच चुकीची बदलली, तर स्वतःच बसलेली फांदी तोडली. इथे मात्र आम्हाला या कृतीत एक उणीव दिसते. उबुंटूच्या नेटप्लॅनमध्ये ‘नेटप्लॅन ट्राय’ अशी आज्ञा आहे. ती बदल लागू करते, आणि 120 सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर आपण होऊन जुनी मांडणी परत आणते. म्हणजे माणूस चुकू शकतो हे तिनं आधीच धरलेलं आहे. नेटवर्कमॅनेजरच्या पोटातही अशी परतीची सोय आहे, कॉकपिट नावाचं वेबवरून सर्व्हर सांभाळण्याचं साधन ती वापरतं. पण साध्या ‘कनेक्शन अप’मध्ये ती तुमच्यापुढे येत नाही. सोय आहे, पण ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याला ती दिसत नाही.

आता दोषांकडे वळतो. तीन दोष सांगणार आहोत आणि तिन्ही भाषेचे आहेत.

पहिला, नावाचा. ‘कनेक्शन’ या शब्दाचा अर्थ इंग्रजीतही जोडणी असाच होतो. आणि या प्रोग्रामनं तो शब्द कपाटातल्या संहितेला दिला. म्हणजे जे जोडलेलं नाही तेही ‘कनेक्शन’च. विद्यार्थ्यानं यादी बघितली, त्यात ‘वायर्ड कनेक्शन 1’ असं दिसलं, त्याला वाटलं तार जोडलेली आहे. तार टेबलाखाली लोंबकळतीये! ‘प्रोफाइल’ हा शब्द बरा होता, आणि दस्तऐवजांत अनेक ठिकाणी तोच वापरलाही आहे, पण आज्ञेत मात्र ‘कनेक्शन’च राहिला. त्यात भर अशी की दोन कनेक्शनांचं नाव एकच असू शकतं. प्रोग्राम त्यांना एका लांबलचक ओळखक्रमांकानं वेगळं ओळखतो. त्याला अडचण नाही, आपल्याला आहे.

नावाचा प्रश्न निघालाच आहे तर कार्डाच्या नावाचंही बोलू. तो दोष नेटवर्कमॅनेजरचा नाही, पण भोगावा त्याला लागतो. पूर्वी कार्डाला ‘ईथ झीरो’, ‘ईथ वन’ म्हणत. कर्नलला जे आधी सापडलं ते झीरो. दोन कार्डं असली तर आज जे झीरो ते उद्या वन होण्याची भीती. म्हणून 2013 साली सिस्टमडीच्या 197व्या आवृत्तीपासून जागेवरून नाव देण्याची पद्धत आली. ‘ईएनपी3एस0’ म्हणजे ईथरनेट, बस क्रमांक तीन, स्लॉट शून्य. ‘डब्ल्यूएल’ने सुरू झालं तर वायफाय. याला ‘प्रेडिक्टेबल’ म्हणजे आधी सांगता येण्याजोगं नाव म्हणतात.

पण बघा, हे नाव वस्तूचं आहे का? हे नाव जागेचं आहे. चाळीत ‘तेरा नंबरवाले’ म्हणतात ना, तसं. तेरा नंबरात दुसरं कुटुंब आलं की तेही तेरा नंबरवालेच. काही मशीनवर आत नवीन डिस्क किंवा दुसरं कार्ड बसवलं की बसचे क्रमांक सरकतात आणि जुनंच, जागचं न हललेलं नेटवर्क कार्ड नवं नाव घेऊन उठतं. आणि तुमचं कनेक्शन जर जुन्या नावाशी बांधलेलं असेल, तर संहिता ज्या नटाची वाट बघतीये त्या नावाचा नटच उरलेला नाही. जुनी पद्धत वाईट होती, नवी बरी आहे. पण ‘आधी सांगता येण्याजोगं’ हा शब्द जरा जास्तच आत्मविश्वासाचा झाला.

दुसरा दोष, उत्तराचा. वायफायचा पासवर्ड चुकीचा टाकलात तर काय उत्तर मिळतं? आज्ञेच्या खिडकीत अनेकदा असा अर्थाचा संदेश येतो की ‘गुप्त माहिती हवी होती, पण दिली गेली नाही.’ आता माणूस चिडतो. दिली नाही कशी? आत्ता तर टाइप केली! झालेलं असं असतं: पहिला पासवर्ड राउटरनं नाकारला. मग प्रोग्रामनं दुसरा मागितला. तो द्यायला तिथं कुणी नव्हतं. म्हणून ‘दिली गेली नाही.’ संदेश खरा आहे. पण तो आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही, प्रोग्रामच्या स्वतःच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपल्याला विचारायचं होतं, ‘काय चुकलं?’ आणि तो सांगतोय, ‘शेवटी काय झालं.’ सरकारी कचेरीत अर्ज परत येतो तेव्हा त्यावर ‘कागदपत्र अपूर्ण’ असा शिक्का असतो, तेही खरंच असतं. त्यातून कोणता कागद कमी, हे कळत नाही.

तिसरा दोष सगळ्यात मोठा, आणि तोच त्या मुलीला भोवला. ‘कनेक्टेड’, जोडलेलं आहे, या शब्दाचा.

जोडलेलं म्हणजे काय? आम्ही दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो आणि पायऱ्या लिहून काढल्या. पहिली, तारेत जीव आहे का, म्हणजे दुसऱ्या टोकाला काही चालू यंत्र आहे का. दुसरी, त्या यंत्राकडून आपल्याला पत्ता मिळाला का. तिसरी, बाहेर जाण्याचं दार कोणतं ते ठरलं का, ज्याला गेटवे म्हणतात. चौथी, नावांवरून पत्ते शोधून देणारा कुणी आहे का, म्हणजे डीएनएस. पाचवी, या सगळ्यातून खरोखर बाहेरच्या जगापर्यंत पोचता येतंय का.

नेटवर्कमॅनेजरचा ‘कनेक्टेड’ पहिल्या तीन-चार पायऱ्यांविषयी बोलतो. आम्ही ऐकला तो पाचव्या पायरीविषयी.

अभ्यासिकेत घडलं ते असं. तारेच्या दुसऱ्या टोकाचा राउटर चालू होता. त्यानं पत्ता दिला, स्वतःला गेटवे म्हणून सांगितलं, सगळं व्यवस्थित. फक्त त्या राउटरच्या मागची बाहेरची लाइन मेलेली होती. त्याच वेळी वायफायवर सभागृहाचं चांगलं इंटरनेट येत होतं. मग कॉम्प्युटरनं वायफाय का वापरलं नाही? आम्ही ‘आयपी रूट’ ही आज्ञा दिली. ‘डीफॉल्ट’ने सुरू होणाऱ्या दोन ओळी आल्या. एकीच्या शेवटी मेट्रिक 100, दुसरीच्या शेवटी 600. मेट्रिक म्हणजे त्या रस्त्याचा खर्च समजा. कमी खर्चाचा रस्ता आधी. नेटवर्कमॅनेजर तारेला ठरावीक 100 देतो आणि वायफायला 600. तार जास्त भरवशाची, हा त्यामागचा विचार, आणि एरवी तो बरोबरच आहे. पण त्या दिवशी शंभरचा रस्ता पुढे खचलेला होता, आणि सहाशेचा मोकळा रस्ता बाजूला असूनही प्रत्येक विनंती त्या खचलेल्या रस्त्यावरच जात होती.

कुणी म्हणेल, प्रोग्रामला हे तपासता येत नाही का? येतं. आणि इथंच खरी गंमत आहे, किंवा खरं दुःख आहे. नेटवर्कमॅनेजरात अशी तपासणी आहे. ती चालू असेल तर तो ठरावीक अंतरानं, नेहमीच्या मांडणीत दर 300 सेकंदांनी, एका ठरलेल्या सर्व्हरला हाक मारतो आणि अपेक्षित उत्तर येतं का बघतो. नाही आलं तर त्या रस्त्याच्या मेट्रिकमध्ये 20000ची भर घालतो. म्हणजे तारेचा खर्च 20100 होतो आणि 600चं वायफाय आपोआप पुढे येतं. पण ही तपासणी सगळ्या डिस्ट्रोंमध्ये चालू असतेच असं नाही. आमच्या त्या मशीनवर नव्हती.

‘एनएमसीएलआय नेटवर्किंग कनेक्टिव्हिटी’ असं विचारलं तर पाचपैकी एक उत्तर अपेक्षित असतं: काहीच नाही, मर्यादित, पोर्टल म्हणजे आधी लॉगिनचं पान अडवतंय, पूर्ण, आणि पाचवं, अज्ञात. अज्ञात म्हणजे तपासणी बंद आहे किंवा अजून झालेली नाही. आता त्या अवस्थेत कोपऱ्यातल्या चिन्हानं काय दाखवायचं? प्रोग्रामच्या दस्तऐवजात सूचना अशा अर्थाची आहे की इंटरनेट मिळू शकेल असं धरून चालावं. हेच आम्हाला पटत नाही.

भारतीय दर्शनांत अभावाचं ज्ञान कसं होतं यावर शतकानुशतकं वाद झाला. टेबलावर घडा नाही, हे मला कसं कळलं? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानेच. कुमारिल भट्टांची मीमांसक परंपरा म्हणते, नाही, त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानायला हवं. हा वाद आज सोडून देऊ. पण दोन्ही पक्षांना एक अट मान्य आहे: घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. आणि अंधारात दिसला नाही म्हणून ‘असेल’ असंही म्हणता येत नाही. तिथं एकच प्रामाणिक उत्तर आहे: दिवा लावलेला नाही.

‘अज्ञात’ ही अवस्था प्रोग्रामला माहीत आहे. तिला वेगळं नाव आहे, वेगळा क्रमांक आहे. आत इतका प्रामाणिकपणा आहे. पण तो पडद्यापर्यंत येता येता ‘बहुधा असेल’ होतो, आणि बघणाऱ्याच्या डोक्यात ‘आहे’ होतो. तिथून तो आमच्या तोंडात आला आणि त्या मुलीचे दीड तास गेले.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हे परीक्षण न्यायाचं होणार नाही. तपासणी सगळीकडे सक्तीनं चालू का करत नाहीत? कारण तिचीही किंमत आहे. तुमचा कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी कुणाच्या तरी सर्व्हरला ‘मी इथं आहे’ असं कळवतो. त्या सर्व्हरच्या मालकाला तुमचा आयपी पत्ता कळतो, तुम्ही कधी जागे असता ते कळतं. काही लोकांना हे मान्य नाही, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पण या वादाचा निकाल तपासणी बंद ठेवण्याच्या बाजूनं लागला, तरी चिन्हानं खोटा दिलासा द्यावा असा त्याचा अर्थ होत नाही. ‘तपासलेलं नाही’ एवढं दाखवता येतंच की.

आणखी एक आक्षेप आम्हाला नेहमी ऐकू येतो, विशेषतः जाणकारांकडून. ते म्हणतात, एवढा कारभारी कशाला हवा? सिस्टमडी-नेटवर्कडीची चार ओळींची फाईल लिहा, वायफायसाठी इंटेलचा आयडब्ल्यूडी लावा, झालं. काय चाललंय ते सगळं तुमच्या हातात. आम्हाला या म्हणण्याबद्दल आदर आहे. एका जागी बसलेल्या, तारेवर चालणाऱ्या सर्व्हरला ती चार ओळींची फाईल खरोखर पुरते. पण ‘सगळं तुमच्या हातात’ यातला ‘तुम्ही’ कोण? अभ्यासिकेत सकाळी कुलूप उघडणारे काका? अर्ज भरायला आलेली मुलगी? ज्याला कारभारी नको तो स्वतः कारभारी व्हायला तयार आहे, इतकंच त्यातून सिद्ध होतं. विक्ड नावाचा एक सुटसुटीत पर्याय पूर्वी लोकप्रिय होता, आम्हीही तो वापरला. तो पायथन 2वर लिहिलेला होता, पुढे कुणी सांभाळला नाही, आणि डेबियनच्या 11व्या आवृत्तीत तो उरला नाही. साधेपणा चांगला, पण साध्या वस्तूलाही सांभाळणारी माणसं लागतात. वीस वर्षं सतत कुणीतरी या प्रोग्रामची डागडुजी करत आलं आहे, ही काही लहान गोष्ट नाही.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. नेटवर्कमॅनेजर ही विचारानं पक्की कृती आहे. संहिता, नट आणि प्रयोग हा तिचा भेद जुन्या पद्धतीपेक्षा कितीतरी वरचा आहे आणि बदलत्या जगण्याला तो शोभतो. तिचे दोष तिच्या बोलण्यात आहेत. ती स्वतःला जेवढं माहीत आहे त्यापेक्षा थोडं जास्त सांगते. ज्या कारभाऱ्यावर आपण घर सोपवतो त्याच्यात हा दोष लहान म्हणता येत नाही.

मग आपण काय करायचं? दोन गोष्टी.

एक, त्या पाच पायऱ्या लक्षात ठेवा आणि अडलं की क्रमानं उतरा. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ म्हणा, कार्ड कोणत्या अवस्थेत आहे बघा. वायफाय ‘अनअव्हेलेबल’ दिसलं तर ‘आरएफकिल’ म्हणून बघा, कुणी बटणानं रेडिओ बंद केला असेल. ‘आयपी अ‍ॅड्रेस’ म्हणा, 169.254ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा, कुणी पत्ता दिला नाही, यंत्रानं स्वतःच घेतला. ‘आयपी रूट’ म्हणा, दारं किती आणि कोणाचं मेट्रिक कमी ते बघा. मग गेटवेला पिंग करा, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, मग एखाद्या नावाला. जिथं उत्तर थांबतं तिथं बिघाड. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे. दीड तासाचं नाही.

दोन, तारेचं आणि वायफायचं प्राधान्य आपल्या जागेप्रमाणे ठरवा. आम्ही अभ्यासिकेच्या तारेच्या कनेक्शनला ‘आयपीव्ही4 डॉट रूट-मेट्रिक’ 700 दिलं, म्हणजे वायफायच्या सहाशेच्या मागे. एखादी तार फक्त प्रिंटरपर्यंत जात असेल तर ‘नेव्हर-डीफॉल्ट’ला हो म्हणा, म्हणजे ती बाहेरच्या दाराचा दावाच करणार नाही. आणि हो, बदल केल्यावर आम्हाला काहीच फरक दिसला नाही. दहा मिनिटं डोकं खाजवलं. मग आठवलं, संहिता बदलली, प्रयोग जुनाच चालू आहे! ‘कनेक्शन अप’ म्हटलं आणि लागलं. अजून ती मुख्य लाइन अधूनमधून मरते. पण आता कुणाचा अर्ज त्यापायी अडत नाही.

ती मुलगी नंतर एकदा आली होती. आम्ही तिला झालेलं सगळं सांगितलं, चूक आमची होती हेही सांगितलं. तिनं विचारलं, ‘‘मग सर, आता ते चिन्ह दिसलं तर नेट आहे असं समजायचं का?’’ आम्ही म्हणालो, तार लागलीये एवढंच समजायचं. बाकीचं आपण विचारून घ्यायचं.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. उत्तर माहीत नसेल तर तसंच सांगू.